टक्का छापलात, पण आकार आणि आयुष्य राहिलं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट आली होती, प्लास्टिकच्या कागदावर छापलेलं सोलर आता २० टक्क्यांवर पोचलं (म्हणजे पडलेल्या उन्हातली पाचवा हिस्सा ऊर्जा विजेत बदलते), लवकरच घराघरात येणार, अशा अर्थाची. बातमी बोटभर होती पण तिनं आमच्या गल्लीत काय केलं ते कळवावं म्हणून लिहितोय. पत्र लांबणार आहे हे माहितेय, जागा कमी पडली तर माझ्या घरच्या गोष्टी कापा, रेणूंच्या केमिस्ट्रीचा भाग तेवढा कापू नका.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचं गाव. ३१ वर्षं पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पोरांना केमिस्ट्री शिकवली, आता घरीच असतो. आमच्या शेजाऱ्यांनी यंदा छतावर सोलर बसवायचं पक्कं केलं होतं. त्यांचं घर स्लॅबचं, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळते ते सगळं विचारून, कागदं जमवून, फॉर्म भरायच्या तयारीत होते. तुमची चौकट वाचली आणि सोमवारी सकाळी पेपर हातात घेऊनच आले, "सर, आता कागदाचं सोलर येतंय म्हणे, स्वस्तात, मग हे काचेचं कशाला, थांबूया की." त्यांचं बघून गल्लीतले आणखी दोघं थांबले. आणि त्याच आठवड्यात एक एजंट येऊन "फिल्म सोलरचं बुकिंग" म्हणून दोन-दोन हजार रुपये मागून गेला. कुणी दिले की नाही ते मी विचारलं नाही, विचारायला बरं वाटलं नाही.

तुमची बातमी खोटी नव्हती. २० टक्के हा आकडा खराच आहे, त्या कागदावर छापतात ते कार्बनच्या रेणूंपासून बनवलेले सोलर सेल प्रयोगशाळेत २० टक्क्यांच्या पुढं गेलेत, आणि ही फार मोठी गोष्ट आहे, मला तर वाचून अंगावर काटा आला होता. पण तो टक्का केवढ्या तुकड्यावर मोजला आणि तो तुकडा उन्हात किती दिवस टिकला, हे दोन आकडे त्यात नव्हते. असे विक्रमाचे सेल बहुतेक वेळा एका चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान असतात, म्हणजे संक्रांतीच्या तिळाएवढे म्हणा ना. तिळाएवढ्या तुकड्यावरून माझ्या शेजाऱ्यांनी सहाशे फुटांच्या स्लॅबचा निर्णय बदलला, यात त्यांची काय चूक, पेपरात छापून आलंय म्हटल्यावर माणूस विश्वास ठेवणारच.

आता मला एवढं पोटतिडकीनं लिहावंसं का वाटतं ते सांगतो. माझी पुतणी बेंगळुरूला याच विषयात पीएचडी करते, हे रेणू स्वतः बनवते. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकलेली पोरगी, पीयूसीला इंग्रजीत सायन्स घेतल्यावर पहिले सहा महिने रडत होती, तिला बेंझिनचं सहा कार्बनांचं कडं मी घरी मराठीत शिकवलंय. तेच कडं आज तिच्या हातात वेगळ्याच कामाला आलंय. तिच्याकडून ऐकून, विचारून, भांडून जे समजलं ते सांगतो.

छतावरच्या नेहमीच्या काचेच्या पॅनेलमध्ये असतो तो सिलिकॉनचा सेल वापरण्याजोगा असा पहिल्यांदा १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाला, तेव्हा ६ टक्के होता, आज बाजारातलं पॅनेल २० ते २३ टक्क्यांचं असतं. त्यात प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याची रिकामी जागा, जिला होल म्हणतात, तीपण मोकळी होते. दोघं आपापल्या वाटेनं जातात, खोलीतली ऊब त्यांना वेगळं करायला पुरते. कार्बनच्या रेणूत असं होत नाही. इथं इलेक्ट्रॉन जागचा हलतो खरा, पण होलला सोडत नाही, दोघांची जोडी बांधलेलीच राहते, तिला एक्सायटॉन म्हणतात. कारण असं की मधला पदार्थ दोघांमधली ओढ किती झाकतो त्याचं एक माप असतं, ते सिलिकॉनचं साधारण ११.७ आणि या कार्बनी पदार्थांचं ३ ते ४. ओढ झाकलीच जात नाही. जोडी तोडायला इलेक्ट्रॉन व्होल्टचे (हे ऊर्जेचं एक छोटं माप) काही दशांश लागतात आणि खोलीतल्या उष्णतेकडे असतात फक्त ०.०२५. जत्रेत आईचं बोट घट्ट धरलेल्या पोरासारखं, नुसती गर्दी झाली म्हणून ते बोट सोडत नाही.

मग तोडायचं कसं? तर दोन वेगळे पदार्थ शेजारी ठेवायचे, एक इलेक्ट्रॉन देणारा आणि एक ओढून घेणारा, आणि जोडी त्या दोघांच्या सीमेवर पोचली की तुटते. इलेक्ट्रॉन घेणाऱ्याकडं, होल देणाऱ्याकडं. आम्ही सीमाभागातली माणसं, सीमा म्हटलं की आमच्या मनात १९५६ पासूनचं सगळं येतं, पण या विज्ञानात वीज तयार होते ती सीमेवरच, सीमा जितकी जास्त तितकी वीज जास्त. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो.

कोडॅक कंपनीत चिंग टांग नावाच्या शास्त्रज्ञानं १९८६ मध्ये असे दोन थर एकावर एक ठेवून सेल केला, कार्यक्षमता आली १ टक्का. कमी का, तर ही जोडी जन्मल्यापासून साधारण १० नॅनोमीटर फिरते आणि विझते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सीमेपासून लांब जन्मलेल्या जोड्या वाटेतच संपतात, आणि थर १० नॅनोमीटरचाच ठेवला तर ऊन आरपार जातं. जाड ठेवावा तर जोडी पोचत नाही, पातळ ठेवावा तर ऊन धरत नाही.

यावर १९९५ च्या सुमाराला ॲलन हीगर आणि त्यांच्या सोबत्यांनी जे केलं ते मला आजही फार आवडतं. त्यांनी दोन थर वेगळे ठेवलेच नाहीत, दोन्ही पदार्थ एकाच द्रावकात विरघळवून एकत्र पसरले, वाळताना ते आपोआप एकमेकांत गुंतले, बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरच्या ताण्या-बाण्यासारखे. जिथं जोडी जन्मेल तिथून सीमा जवळच, आणि धागे तुटले नाहीत तर इलेक्ट्रॉन एका धाग्यानं बाहेर, होल दुसऱ्या धाग्यानं बाहेर. हेच हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, १९७७ मध्ये वीज वाहून नेणारं प्लास्टिक दाखवल्याबद्दल. मी वर्गात प्लास्टिक म्हणजे विद्युतरोधक असं कित्येक वर्षं शिकवलं, तेव्हा ही गोष्ट झालेली होती, आमच्या पुस्तकात आली नव्हती.

त्यावेळी घेणारा रेणू होता फुलरीन, ६० कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा गोळा, त्याला एक शेपटी जोडलेली. वीस वर्षं सगळे त्याच्यामागं होते. देणारे पदार्थ शेकड्यानं बदलले, घेणारा तोच. आणि त्या गोळ्याची मोठी अडचण ही की तो सूर्यप्रकाश फारसा धरतच नाही, आणि त्याच्यात बदल करायला जागा फार थोडी. गोळा तो गोळाच. त्यामुळं गाडी ११ टक्क्यांच्या आसपास अडकली.

इथं रेणूची रचना हा विषय खरा सुरू होतो, आणि तुमच्या चौकटीत हाच आला नव्हता. २०१५ मध्ये बीजिंगमधल्या झान श्याओवेई यांच्या गटानं आयटीआयसी नावाचा रेणू केला. गोळ्याऐवजी लांबट सपाट पट्टी, मध्ये इलेक्ट्रॉन देणारा कड्यांचा भाग, दोन टोकांना इलेक्ट्रॉन ओढणारे गट. मध्ये देणारा आणि टोकांना ओढणारे असे एकाच रेणूत बसवले की रेणूला कमी ऊर्जेचा, म्हणजे लाल आणि त्याच्याही पलीकडचा, प्रकाश धरता येतो. सूर्याच्या ऊर्जेतला जवळजवळ निम्मा भाग डोळ्याला न दिसणाऱ्या त्या अवरक्त उजेडात असतो, तो आधी वाया जात होता. मग २०१९ मध्ये चांगशा शहरातल्या झोउ यिंगपिंग यांच्या गटानं वाय-६ नावाचा रेणू काढला आणि १५.७ टक्के एकदम. वाय-६ जवळजवळ ९३० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश धरतो. त्याची पट्टी सरळ नाही, केळ्यासारखी वाकलेली आहे, त्या वाकामुळं रेणू एकमेकांवर असे बसतात की इलेक्ट्रॉनला बऱ्याच दिशांनी वाट मिळते. आजचे २० टक्केवाले सेल बहुतेक याच घराण्यातल्या रेणूंचे आहेत.

पुतणीला मी एकदा विचारलं, एवढं काय असतं गं त्यात, दोन कडी इकडं दोन तिकडं. तिनं तासभर फोनवर सांगितलं. टोकाला हायड्रोजनऐवजी फ्लोरिन बसवला तर ओढ वाढते, रेणू एकमेकांना जास्त चिकटून बसतात, रंग अवरक्ताकडं सरकतो. क्लोरिन बसवला तर स्वस्त पडतो पण बसण्याची तऱ्हा बदलते. बाजूला कार्बनच्या लांब साखळ्या लावाव्या लागतात, त्या प्रकाश धरत नाहीत, वीज वाहत नाहीत, पण त्या नसल्या तर रेणू द्रावकात विरघळतच नाही आणि विरघळला नाही तर छापणार काय. साखळी फार लांब केली की रेणू एकमेकांपासून लांब राहतात, इलेक्ट्रॉनला उडी मारता येत नाही. फार आखूड केली की गुठळ्या होतात आणि सीमा कमी होते. साखळीला फांदी पहिल्या कार्बनवर द्यायची की दुसऱ्या की तिसऱ्या, एवढ्यावर टक्का इकडचा तिकडं होतो. ती म्हणाली, "काका, एक कार्बन सरकवला आणि माझे चार महिने गेले."

आणि व्होल्टेज. देणारा आणि घेणारा यांच्यातल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पातळीत उतार असावा लागतो, नाहीतर जोडी तुटणार नाही, असं शिकवलं जायचं, आणि त्या उताराची किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागायची. वाय-६ च्या घराण्यात उतार अगदी थोडा ठेवूनसुद्धा जोडी तुटते, त्यामुळं व्होल्टेज वाचतं. हे इतकं चांगलं का होतं यावर अजून शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे म्हणे, ऐकून मला आनंदच झाला, चालू वादाचं शास्त्र आमच्या पोरांनी बघितलं पाहिजे, पुस्तकात सगळं संपलेलंच येतं.

आता हा रेणू मिळतो कसा ते ऐका, कारण "स्वस्त" हा शब्द तुमच्या चौकटीत तीनदा होता. एका अर्थानं खरंय. हा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. लग्नात मांडे करणाऱ्या बायका मांडा हातावर फिरवून फिरवून पातळ करतात ना, त्याच्या पातळपणाचं आम्हाला कौतुक, पण हा थर त्याच्याहून हजारो पटींनी पातळ. मी हिशेब केला, एक चौरस मीटर पृष्ठभागाला रेणूंचं मिश्रण लागतं ०.१२ ग्रॅमच्या आसपास. माझं अख्खं छप्पर दोन-अडीच ग्रॅममध्ये झाकून होईल. सिलिकॉनची चकती याच्यापुढं हजारपटीनं जाड.

पण ते दोन ग्रॅम कुठून आणायचे? असा रेणू बनवायला दहाच्या आसपास पायऱ्या लागतात. समजा प्रत्येक पायरीला ८० टक्के माल हाताला लागला, आणि प्रयोगशाळेत ८० टक्के म्हणजे चांगलंच काम, तर दहा पायऱ्यांनंतर उरतो ११ टक्के. शंभर ग्रॅमच्या मालातले अकरा. प्रत्येक पायरीनंतर शुद्धीकरण, काचेच्या उभ्या नळीत सिलिका भरून वरून माल सोडायचा आणि रंगाचे पट्टे एकेक करून खाली उतरायची वाट बघायची. पुतणी सांगते, सगळ्यात शेवटी मधला भाग आणि टोकाचे गट जोडायचे, नोव्हेनागेल संघनन, हे नाव आमच्या पीयूसीच्या पोरांनाही कुठं ना कुठं ऐकू येतं आणि परीक्षा झाली की विसरतात, ती क्रिया झाली की फ्लास्कमधला फिका रंग बघता बघता गर्द निळसर होतो. तो रंग बघायला मी एकदा बेंगळुरूला जाऊन आलो. वय झालंय, रेल्वेनं रात्रभर बसून गेलो, आणि वसूल झालं.

आणि नुसता रेणू करून भागत नाही. तो क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळवून पसरतात, क्लोरोफॉर्म पटकन उडतं म्हणून धागे बारीक राहतात. पण क्लोरोफॉर्म विषारी, कारखान्यात हजारो लिटर उडवून चालणार आहे का? म्हणून झायलीनसारख्या त्यातल्या त्यात बऱ्या द्रावकात विरघळतील असे रेणू शोधणं चालू आहे, म्हणजे परत साखळ्या बदला, परत दहा पायऱ्या, परत सगळं पहिल्यापासून.

मध्ये एक प्रयत्न असाही झाला की कॉम्प्युटरलाच शोधायला लावू. हार्वर्डमध्ये आलान आस्पुरू-गुझिक यांच्या गटानं २३ लाख रेणू कॉम्प्युटरवर गणित करून चाळले, आणि ते गणित जगभरच्या साध्या माणसांच्या घरातल्या कॉम्प्युटरवर झालं, मशीन मोकळं असलं की आपोआप या कामाला लागायचं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कुणीही आपल्या घरातून हातभार लावावा. पण त्या चाळणीत घेणारा रेणू तोच जुना फुलरीनवाला धरलेला होता. घेणाराच बदलला तेव्हा चाळणीची भोकं बदलली. गणित हवंच, पण रेणू शेवटी कुणीतरी फ्लास्कमध्ये करून बघावा लागतो.

आता टिकण्याचं. याच्यासाठीच हे पत्र आहे. मघाशी मी शेवटच्या पायरीचं सांगितलं, मधला भाग आणि टोक जोडणारा दुवा, कार्बन-कार्बन दुहेरी बंध. सगळा गर्द रंग, सगळी अवरक्त पकड त्या दुव्यामुळं येते. आणि उन्हात, हवेत, पाण्याच्या वाफेत, विशेषतः खाली झिंक ऑक्साइडचा थर असेल आणि वर अतिनील किरण पडत असतील तर, बऱ्याच वेळा सगळ्यात आधी तुटतो तोच दुवा. रेणूचं बळ जिथं आहे तिथंच त्याचं मरण. म्हणून आता काही जण तो दुवा एका जादा कड्यात कोंडून पक्का करायला बघतायत. दुसरं दुखणं उष्णतेचं. उन्हानं छप्पर तापलं की ते छोटे रेणू आतल्या आत सरकतात, ताणा-बाणा सुटतो, घेणारे एकीकडं देणारे एकीकडं, सीमा कमी, वीज कमी. त्यावर उपाय म्हणून दोन-तीन रेणू एकमेकांना जोडून जड करायचे किंवा सरळ लांब साखळीत ओवायचे म्हणजे ते हलणार नाहीत. ह्या सगळ्या कामाला पुतणी "रेणूला शहाणं करणं" म्हणते.

सिलिकॉनच्या पॅनेलला कंपन्या २५ वर्षांची हमी देतात. या कागदी सोलरला अजून तेवढं आयुष्य नाही. हीगर साहेब ज्या कोनार्का नावाच्या कंपनीच्या स्थापनेत होते ती २००१ मध्ये सुरू झाली, लवचिक सोलर छापत होती, आणि २०१२ मध्ये तिचं दिवाळं निघालं. नोबेल मिळालेला माणूस पाठीशी असून असं झालं, यावरून गावातल्या माणसानं दोन हजाराचं बुकिंग करावं की नाही ते ठरवावं.

तर मग मी या विषयाचा एवढा भक्त का, असं शेजाऱ्यांनी मला तोंडावर विचारलं. मी त्यांना माझ्या छपराकडं बोट दाखवलं. माझं घर कौलारू, आजोबांनी बांधलेलं, सागवानी वासे आता वाळवीनं पोखरलेत. सिलिकॉनच्या पॅनेलचं वजन एका चौरस मीटरला दहा-बारा किलो, वर लोखंडी सांगाडा वेगळा. माझं छप्पर ते घेणार नाही, सोलर बसवणाऱ्या दोघांनी येऊन बघून नाही म्हणून सांगितलं. आमच्या तालुक्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला अशी किती घरं आहेत बघा, जिथं जंगलामुळं वारंवार लाईट जाते आणि छप्पर कौलाचं. जिथं गरज जास्त तिथंच पॅनेल बसत नाही. तिथं हलकं, गुंडाळून नेता येणारं, कौलाच्या उतारावर अंथरता येणारं काहीतरी आलं तर ते आमच्यासाठी आलं. शिवाय जून ते सप्टेंबर आमच्याकडं सूर्य दिसतोच किती, आणि हे कार्बनी रेणू मंद उजेडात, ढगाळ हवेत, अगदी घरातल्या एलईडीखालीही बरं काम करतात. आणि पॉलीहाऊसवाल्यांसाठी तर वेगळीच वाट आहे, पिकाला लागणारा लाल-निळा उजेड खाली सोडायचा आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त वर धरून वीज करायची, असा रेणू निवडता येतो. सिलिकॉनला असं निवडता येत नाही, तो सगळाच उजेड गिळतो. म्हणजे स्लॅबवाल्या शेजाऱ्यांनी थांबायचं कारण नाही आणि वाट बघणारा खरा मी आहे. मी बघीन वाट, पण डोळे उघडे ठेवून.

पण आमचा पाऊस आणि आमची दमट हवा हीच या रेणूंची परीक्षा, हे पण तितकंच खरं. बीजिंगच्या किंवा बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत टिकलं म्हणजे कणकुंबीला टिकेल असं नाही. ही चाचणी इथंच व्हायला पाहिजे असं मला फार वाटतं. बेळगावात व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, तीन तासांवर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे जिथं पातळ थरांच्या पदार्थांवर वर्षानुवर्षं काम झालंय, पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, बेंगळुरूला तर भारतीय विज्ञान संस्था आणि जवाहरलाल नेहरू सेंटर आहेच. एवढ्या संस्थांच्या मधोमध आमचा पावसाचा तालुका. कुणीतरी एका शाळेच्या छपरावर दहा तुकडे ठेवावेत आणि एक पावसाळा बघावा. कर्नाटकातल्यांनी ठेवले काय आणि महाराष्ट्रातल्यांनी ठेवले काय, पाऊस एकच आहे. माझ्या कॉलेजात कन्नड माध्यमातून आलेली पोरं आणि मराठीतून आलेली पोरं एकाच बाकावर बसायची आणि इंग्रजीतलं ऑरगॅनिक केमिस्ट्री दोघांनाही सारखंच अवघड जायचं, मी एकदा मराठीत सांगायचो, माझे कन्नड सहकारी तेच पुढच्या तासाला कन्नडमध्ये सांगायचे.

म्हणून तुमच्याकडं मागणं दोन आहेत. सोलरचा टक्का छापाल तेव्हा शेजारी दोन आकडे छापा, केवढ्या क्षेत्रफळावर मोजला आणि किती तास उन्हात ठेवल्यावर किती उरला. मूळ बातमीत ते नसतील तर तसं लिहा, "क्षेत्रफळ दिलेलं नाही" असे तीन शब्द पुरतात. आणि पीयूसीच्या ॲडमिशनच्या आधी तुमच्या विद्यार्थी पुरवणीत एकदा वाय-६ रेणूचं चित्र मोठं छापा, मराठीत नावं घालून, मध्ये देणारा, टोकाला ओढणारे, बाजूच्या साखळ्या कशासाठी, कुठला दुवा उन्हात तुटतो. चित्र मी काढून देतो, पुतणी तपासून देईल. केमिस्ट्री म्हणजे फक्त नीटच्या मार्कांचा विषय असं पोरांना वाटतं, त्यांना हे एक चित्र बघू दे.

आणखी एक, पुतणी गणपतीला गावी आली तेव्हा तिच्याकडून वापरून झालेल्या दोन काचा मागून घेतल्या होत्या, दोन्हींवर तिच्या रेणूचा सारखाच निळसर थर. एक मी कपाटात कापडात गुंडाळून ठेवली, एक पश्चिमेच्या खिडकीत, उघडी. दिवाळीत दोन्ही शेजारी ठेवल्या. कपाटातली तशीच गर्द, खिडकीतली धुतलेल्या जुन्या धोतरासारखी फिकी, कडेला थोडा निळा उरलाय. शेजाऱ्यांना त्या दाखवल्या, त्यांनी बराच वेळ उजेडात धरून बघितल्या आणि परवा फॉर्म भरून टाकला. पुढच्या मंगळवारी मला डोळ्याच्या डॉक्टरकडं बेळगावला यायचंच आहे, तेव्हा दोन्ही काचा तुमच्या ऑफिसात घेऊन येतो, फोटो काढून घ्या आणि छापलात तर खाली ठेवल्याची आणि काढल्याची तारीख घाला, दोन्ही माझ्या डायरीत लिहिलेल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट्री शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव